ठमाबाईचा डावा पाय

ठमाबाईच्या डाव्या पायाला धरमतरच्या खाडीकडेला मान होता. हसण्यासारखं यात काही नाही. पावसाळा सरला की मिठागरातलं पाणी काढतात, गाळ सारखा करतात, आणि मग वाफ्याची ती ओली जमीन बायामाणसं अनवाणी पायांनी दिवसचे दिवस तुडवतात. जमीन घट्ट बसली तरच वर येणारं मीठ पांढरं निघतं, नाहीतर चिखलासकट वर येतं. या कामाला ओळीत पुढे एक बाई लागते. तिच्या पावलावर मागच्या सगळ्यांनी पाऊल टाकायचं. गेली तीस वर्षं ती बाई ठमाबाई होती. वाफ्यावर डावी टाच रोवून ती नुसती उभी राहायची आणि सांगायची, "हितं पोकल हाय गो, अजून दोन दिस तुडवा." एका वर्षी मुकादमाने तिचं न ऐकता पाणी सोडलं आणि मीठ राखेच्या रंगाचं निघालं. तेव्हापासून मुकादमही तिच्या टाचेला विचारूनच पाणी सोडायचा.

आता वय सदुसष्ट. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. मुलगा जनू रोह्याजवळच्या वरसे गावात बिऱ्हाड करून कंपनीत शिफ्टला जायचा. आई मात्र खाडीकडेचं घर सोडायला तयार नव्हती. "तुज्या वरशात पायाखाली फरशी," ती म्हणायची, "फरशीवर मी काय करू, नाचू?"

तर त्या मानाच्या पायाच्या तळव्याला, टाचेच्या जरा पुढे, ब्याण्णव सालच्या पावसाळ्यात एक गाठ आली.

सुरुवातीला डाळिंबाच्या दाण्याएवढी होती आणि तशीच लाल. ठमाबाईने आरशाचा तुकडा जमिनीवर ठेवून तळवा बघितला आणि निदान करून टाकलं: कुरूप. मिठागरात जन्म गेलेल्या बाईला कुरूप म्हणजे काय ते डॉक्टरने सांगावं लागत नाही, आणि त्याचं औषधही सांगावं लागत नाही. पायाला भेग पडू दे, काटा मोडू दे, कुरूप होऊ दे, औषध एकच. बिब्बा घ्यायचा, सुईला टोचायचा, दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, आणि काळं तेल सुटलं की दुखऱ्या जागेवर थेंब सोडायचा. कातडी जळते, काळी होते, काही दिवसांनी खपली निघते. आईने केलं, आजीने केलं, आजूबाजूच्या सगळ्या बायका करतात.

फक्त ठमाबाईने करायचं नव्हतं. कारण तिने शपथ घेतली होती.

सात वर्षांपूर्वी जनूची मुलगी पारी दोन महिन्यांची असताना तिचं पोट फुगलं होतं. ठमाबाईने मायेनेच बेंबीभोवती बिब्ब्याचे ठिपके दिले. तेल जास्त सुटलं, पोरीची कातडी भाजली आणि आठ दिवस तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या आठ दिवसांत ठमाबाईच्या पोटात घास गेला नाही. घरी आल्यावर जनूने बिब्ब्याची डबी खाडीत भिरकावली आणि आईचा हात पोरीच्या डोक्यावर ठेवून घेतला. "परत बिब्बा हातात घेतलास तर मी तुना आये बोलनार नाय," तो म्हणाला. त्या पहिल्या चुकीसाठीही तो सहा महिने बोलला नव्हता. पारीच्या पोटावर अजून तो डाग होता. पोरगी आंघोळीला बसली की ठमाबाई दुसरीकडे बघायची.

असं असूनही तिने पेणच्या बाजारातून तीन बिब्बे आणले आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवले. मनाची समजूत काय घातली, तर शपथ पोरीच्या अंगाबद्दल होती, आपल्या तळव्याबद्दल नव्हती. माणूस स्वतःशी भांडायला बसला की वकील फार हुशार मिळतो.

तीन वेळा तेल सोडलं. गाठ गेली नाही. उलट सुपारीएवढी झाली, काळी ठिक्कर पडली, भोवतालची कातडी काळी पडून फुटली आणि चालताना रक्त यायला लागलं. दिवाळीला जनू आला तेव्हा शेणाने सारवलेल्या ओटीवर त्याला आईच्या डाव्या पावलाचे लाल ठसे दिसले. दुसऱ्याच दिवशी त्याने तिला पेणला नेलं.

पेणचा डॉक्टर मोठा होता. म्हणजे पाटी मोठी होती, रांग मोठी होती आणि आवाजही मोठा होता. त्याने तळवा उचलून दिव्याखाली धरला आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"तुम्ही लोक काय काय फासता आणि पाय कुजला की आमच्याकडे येता," तो म्हणाला. "काय लावलंय याला?"

बाजूला जनू उभा होता. ठमाबाईने एकदा त्याच्याकडे बघितलं.

"काय नाय," ती म्हणाली.

"नक्की?"

"काय नाय लावला."

डॉक्टरने तळवा खाली ठेवला, हात धुतले आणि बोलायला लागला तो जनूशी. गाठ काळी आहे, तळव्यावर आहे, रक्त येतं, वाढली भराभर, वय इतकं. काळा रंग हेच वाईट लक्षण. कातडीतल्या रंगाच्या पेशींचा कॅन्सर असतो, तो असाच येतो आणि फार झपाट्याने अंगभर जातो. मुंबईला चिठ्ठी देतो, पुढच्या सोमवारी दाखल व्हा, पाय घोट्यापासून काढावा लागेल.

जनूचा चेहरा पांढरा पडला. "तुकडा काढून तपासत नाय का डॉक्टर?" त्याने विचारलं. कंपनीत कोणाच्या तरी तोंडून त्याने असं ऐकलं होतं.

"असल्या गाठीला सुरी लावली की पसरते. तपासत बसाल आणि आई घालवाल. पाय महत्त्वाचा की जीव?"

ठमाबाईच्या पायाखालची जमीन सरकली, आणि जमीन ओळखण्यात तर तिचा जन्म गेलेला. काळा रंग! तो काळा रंग तिने स्वतःच्या हाताने दिला होता. दिव्यावर धरून, थेंब थेंब. आत्ताच्या आत्ता तोंड उघडलं असतं तर काम झालं असतं. पण जनू एका हाताने तिचा खांदा घट्ट धरून उभा होता. सात वर्षांपूर्वी याच हाताने डबी भिरकावली होती. ठमाबाईने तोंडात मिठाची गुळणी धरली.

मग तिला राग आला. स्वतःचा आला, आणि स्वतःचा राग धरवत नाही म्हणून तो डॉक्टरवर गेला.

"ओ डाक्टर," ती म्हणाली, "पाय कोनाचा हाय?"

"काय?"

"पाय माजा ना? मंग त्याच्याशी कशाला बोलता? माज्याशी बोला. मी पाय देनार नाय."

"आजी, मराल."

"मरन तं मरन. दोन पायांवर मरन."

ती लंगडत बाहेर पडली. रांगेतल्या बायका बघत राहिल्या. जनू चिठ्ठी घेऊन मागून धावला.

गावात बातमी तिच्या आधी पोचली. जो तो येऊन शहाणपण सांगायला लागला. कोणाच्या मेव्हण्याने पाय काढला आणि तो आता सायकल चालवतो. कोणाच्या चुलतीने काढला नाही आणि ती गेली. ठमाबाई भिंतीला टेकून सगळ्यांचं ऐकत होती आणि सगळ्यांना एकच उत्तर देत होती: "तुमचा काढा." शेवटी लोक यायचे थांबले. एकटी पुतळी थांबली. तीस वर्षं मिठागरात ती ठमाबाईच्या मागे दुसऱ्या नंबरवर चालत आली होती.

"बिब्बा लावलेलास ना?" पुतळी हळूच म्हणाली.

"तुना कोन बोल्ला?"

"कोन कशाला बोलाया पायजे? मी पन लावते. सगल्याच लावतात. डाक्टरला कोन सांगतो गो? ओरडा खायला?" मग ती जवळ सरकली. "पन तू सांग बाय. पाय जाईल."

"आनि जनू जाईल त्याचा काय?"

ठमाबाईच्या पोटात दुसरीही एक भीती होती, ती तर तिने पुतळीलाही सांगितली नाही. समजा, बिब्ब्याच्या आधीच गाठीत काळं होतं आणि आपल्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसलं नाही, तर? समजा डॉक्टरच खरा असला, तर? लाल होती, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती, असं ती स्वतःला दिवसातून वीसदा सांगत होती. पण आरशाचा तुकडा तडकलेला होता आणि दिवस पावसाचे, अंधारे होते.

जनूने मुंबईला जायची बॅग भरली. त्याची बायको सरू वरशाहून आली, सासूच्या शेजारी बसली आणि जनूला ऐकू जाईल असं म्हणाली, "रोह्याला कातड्याची डाक्टरीन हाय. मोकल बाई. दर गुरवारी बसते. कंपनीतल्या सगल्या मान्सांचे हात तीच बघते. गुरवारनंतर पन सोमवारला चार दिस हायेत."

जनू चिडला. दहा वेळा दाखवून गाठ कमी होणार आहे का, म्हणाला. ठमाबाईने मात्र धागा पकडला.

"तिकडं नेशील तं जाईन. नाय तं मुंबयला उचलून न्यावा लागेल, आनि मी काय हलकी नाय."

"आनि ती पन तोडा बोलली तर?"

ठमाबाईने डाव्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तर तोडीन. परत तोंडातून शब्द काढनार नाय."

बोलून तर बसली. आता पाय टांगणीला लागला होता तो तिच्याच शब्दावर.

गुरुवारी सकाळी निघण्याआधी ती मोरीत बसून उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट चिंचेने घासत होती. मग राखेने, मग विटेच्या तुकड्याने. सुई धरताना बिब्ब्याचं तेल बोटांवर उतरलं होतं आणि तिथे दोन काळे डाग पडले होते. धोबी कपड्यांवर याच तेलाची खूण करतात ती उगीच नाही. कातडी सोलवटली, डाग हलला नाही. तिने पदर हातावर ओढून घेतला. वडखळ ते रोहा एसटीत ती उजवा हात पदराखाली धरून बसली होती. तिकीट काढायलाही तिने तो बाहेर काढला नाही.

डॉ. मोकल बाई पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, जाड चष्म्याच्या. पाटी छोटी. आत दोन खुर्च्या, एक खाट आणि छताला एक लांब ट्यूब. सरूने सासूला खुर्चीवर बसवलं, जनूने पेणची चिठ्ठी पुढे केली. बाईंनी ती वाचली, घडी घालून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मावशी, हात दाखवा."

"गाठ पायाला हाय," ठमाबाई म्हणाली.

"ते लिहिलंय. पण मी आधी हात बघते, सवय आहे. कंपनीची माणसं येतात, पायाला खाज म्हणतात आणि कारण हाताला लागलेलं असतं. दाखवा."

ठमाबाईने डावा हात पुढे केला. बाईंनी तो उलटासुलटा बघितला आणि दुसऱ्या हातासाठी नुसता तळवा पसरून थांबल्या. घाई नाही, ओरडणं नाही. ट्यूब गुणगुणत होती. ठमाबाईने पदराखालून उजवा हात काढला.

बाईंनी अंगठा चष्म्याजवळ नेला. बोट बघितलं. विटेने घासून सोलवटलेली कातडी बघितली. मग त्यांनी ठमाबाईच्या डोळ्यांत बघितलं, आणि ठमाबाईला कळलं की हिला कळलं.

"जनार्दन," बाई जनूकडे बघत सहज आवाजात म्हणाल्या, "जरा बाहेर जाऊन कापूस घेऊन याल का? समोरच दुकान आहे."

टेबलावर कापसाचा नवा गठ्ठा दिसत होता. ठमाबाईने तो बघितला. बाई तिला वाट काढून देत होती. जनू बाहेर जाईल, आपण हळूच सांगायचं, बाई हळूच ऐकेल, पाय वाचेल आणि मुलगाही राहील. इतकं सोपं. जनू दाराकडे वळलाही.

आणि ठमाबाईला त्या सोपेपणाचीच चीड आली. चोरून लावलं, चोरून लपवलं, आता चोरून वाचायचं? सदुसष्ट वर्षांत मुकादमापुढे कधी मान खाली घातली नाही, आणि पोटच्या पोराला बाहेर काढून कुजबुजायचं?

"जनू, थांब," ती म्हणाली. "हितंच ऱ्हा. बिब्बा लावला मी. तीन येला. दिव्यावर धरून. पेनला खोटी बोलली. काला रंग त्याचाच हाय."

जनू वळला. त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"पारीच्या डोक्यावर हात ठेवलेलास तू," तो म्हणाला.

"व्हय."

"त्या डाक्टरनं पाय तोडायला सांगितला तवा पन गप ऱ्हायलीस? मी चार दिस जेवलो नाय, आये..." आणि 'आये' म्हणून गेल्याचं लक्षात आल्यावर त्याने ओठ मिटले, दार उघडलं आणि तो निघून गेला. सरूने सासूचा हात धरला. ठमाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने ते पुसलं नाही. आलं तर आलं.

"आता पाय," बाई म्हणाल्या.

त्यांनी गाठीवर तेलाचा बोळा बराच वेळ धरून ठेवला. मग भिंग घेतलं आणि बोथट पात्याने वरची काळी खपली कडेने उचलायला सुरुवात केली. ठमाबाई दातावर दात ठेवून बसली. खपली एका बाजूने निघाली.

"सरू, बघ गो," ठमाबाई म्हणाली, "काय रंग हाय?"

"लाल," सरू म्हणाली. "आये, लाल हाय."

"आणि भोवती ही चरी दिसते?" बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "शेताला बांधाच्या आत पाण्याची चरी असते तशी. काळा रंग वरच्या कातडीपुरता आहे. आत नाही." मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पण मावशी, नीट ऐका. लाल आहे म्हणजे चांगलीच आहे असं मी म्हणणार नाही. भोवती अशी चरी आहे म्हणून मला वाटतंय ती साधी गाठ आहे. वाटणं आणि असणं यात फरक आहे. मी सगळी गाठ कडेच्या कातडीसकट काढते आणि मुंबईला तपासायला पाठवते. वाईट निघाली तर मीच तुम्हाला सांगेन की पाय द्या. तेव्हा भांडायचं नाही."

"तो बोल्ला सुरी लावली की पसरते."

"असं पुष्कळ लोक बोलतात. तपासल्याशिवाय पाय तोडणं मला जमत नाही."

"मंग काढा," ठमाबाई म्हणाली. "माज्याशी बोललात, बास झाला."

इंजेक्शनाने तळवा बधिर झाला. गाठ निघाली, बाटलीत पडली. सात टाके बसले. बाईंनी एकच गोष्ट जरा कडक आवाजात सांगितली, "बिब्ब्यानं गाठ झाली नाही मावशी. पण बिब्ब्यानं ती लपली. पेणच्या डॉक्टरला जे दिसलं ते तुम्ही रंगवलेलं होतं." ठमाबाईने मान हलवली. हे तिला कोणी सांगायला नको होतं.

जनू बाहेर पायरीवर बसला होता. काही न बोलता त्याने आईला पाठंगुळीला घेतलं आणि रिक्षापर्यंत नेलं.

पुढचे बारा दिवस वरशाच्या घरात ती फरशीवर पाय पसरून बसली होती. जनू तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. पण शिफ्टवरून आला की तिला उचलून मोरीपर्यंत न्यायचा, पाय कोरडा ठेवायला प्लास्टिकची पिशवी बांधायचा, परत उचलून आणायचा. पिशवीची गाठ मारताना त्याची बोटं फार हळू चालायची. ठमाबाई त्याच्या डोक्याकडे बघायची. केस पिकायला लागले होते, तिला माहीतच नव्हतं. एकदा तिने पारीला जवळ घेतलं, तिचा झगा वर करून पोटावरचा डाग बघितला, नीट बघितला, आणि म्हणाली, "हा मी केला बाय." पोरगी म्हणाली, "मना म्हाईत हाय." आणि खेळायला पळाली.

तेराव्या दिवशी जनू रिपोर्ट घेऊन आला. दारातच उभा राहिला. कागद इंग्रजीत होता, पण मोकल बाईंनी मागे पेनने मराठीत लिहून दिलं होतं, कारण त्यांना सांगायचं होतं ते ठमाबाईला. जनूने वाचलं:

"घामाच्या नळीची गाठ. कॅन्सर नाही. पूर्ण निघाली आहे. पाय शाबूत."

ठमाबाईचा जीव भांड्यात पडला आणि वर तिला हसूच फुटलं. "घामाची? अरे देवा, सगला जन्म घाम गाळला, त्यातला थोडा आत ऱ्हायला व्हता!" ती हसत होती आणि सरू रडत होती. जनू तसाच उभा होता. मग तो खाली बसला, आईच्या बांधलेल्या पायावर त्याने डोकं टेकलं.

"आये," तो म्हणाला. "मी एवढा वाईट हाय का? पाय देशील पन मना सांगनार नाय, एवढा?"

"नाय रं," ठमाबाई म्हणाली. "तू वाईट नाय. मीच भ्याली."

आयुष्यात हे वाक्य ती पहिल्यांदाच बोलली असेल.

टाके निघाले त्या दिवशी ती म्हणाली, "आता पेनला चल."

"कशाला?" जनू म्हणाला. "मिटला ना सगला?"

"माजा मिटला."

पेणच्या डॉक्टरकडे तीच रांग होती. खाडीकडेच्या गावांतल्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या, पाय पदराखाली ओढलेले. ठमाबाई आपल्या नंबरवर आत गेली आणि रिपोर्ट टेबलावर ठेवला. डॉक्टरने वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला.

"नशीबवान आहात आजी," तो म्हणाला.

"नशीब नाय," ठमाबाई म्हणाली. "मी तुमच्याशी खोटी बोलली. बिब्बा लावला व्हता, तो काला रंग बिब्ब्याचा. ती माजी चूक, आनि ती सांगायलाच मी आली. पन माज्या खोट्यापायी तुमी तपासल्याबिगर माजा पाय तोडायला निघालात. ती तुमची चूक. ती तुमी सांगा."

जनूने तिचा दंड धरला. तिने सोडवून घेतला.

डॉक्टरचा चेहरा लाल झाला. ठमाबाईला वाटलं, आता ओरडेल. तो ओरडला नाही. चष्मा पुन्हा लावत म्हणाला, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलात? तुमी शिव्या दिलात. 'तुमी लोक' बोललात. शिव्या खाऊन कोन खरा बोलतो? बाहेर बसल्यात त्यातल्या किती जनींनी बिब्बा लावलाय, म्हाईत हाय तुमाना?"

"किती?"

"या, दावते."

ती लंगडत दाराबाहेर गेली. डॉक्टर मागून उंबऱ्यापर्यंत आला. ठमाबाई रांगेसमोर जमिनीवर बसली, चप्पल काढली आणि डावा तळवा सगळ्यांना दिसेल असा पुढे केला. मधोमध टाक्यांची ताजी, गुलाबी रेघ होती. कडेला अजून काळे डाग होते.

"हा बिब्बा," ती मोठ्याने म्हणाली. "डाक्टरला बोलली नाय, तं पाय जानार व्हता माजा. तुमच्यातल्या कोनी कोनी लावलाय?"

कोणी हललं नाही. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, मग दारातल्या डॉक्टरकडे, मग जमिनीकडे. एकीने पदर आणखी खाली ओढला. पंखा फिरत होता. जनूला वाटलं, आई आता तोंडघशी पडली.

मग भिंतीच्या टोकाला बसलेल्या एका वाळक्या म्हातारीने लुगड्याचा काठ वर केला. घोट्यावर रुपयाएवढा काळा डाग होता आणि मधे काहीतरी उंच वाढलेलं होतं. तिच्या शेजारणीने कोपर पुढे केलं. तिसरीने मुलाला मांडीवरून उतरवलं आणि पाऊल बाहेर काढलं. थोड्या वेळात सहा जणी झाल्या.

डॉक्टरने आतून स्टूल ओढून आणलं, वाळक्या म्हातारीच्या समोर ठेवलं आणि त्यावर बसला. आता त्याचं डोकं तिच्या डोक्याच्या जवळपास आलं. "मावशी," त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज इतका लहान झाला होता की मागच्यांना नीट ऐकूही आला नाही, "बिब्बा लावायच्या आधी हे कसं दिसत होतं?"

म्हातारीने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती ठमाबाईकडे बघत होती.

"सांग गो," ठमाबाई म्हणाली. "मी हाय हितं."